मागच्या ड्रम ब्रेकला ओल आलीय, हँडब्रेकही वरपर्यंत येतोय, काय काय बदलावं?

संथचालक:
नमस्कार मंडळी. गाडी जुनी छोटी हॅचबॅक, पुढे डिस्क मागे ड्रम, एबीएस वगैरे काही नाही. हल्ली पहिल्यांदा ब्रेक दाबला की पेडल बरंच खाली जातं, लगेच परत दाबलं की वर येतं आणि व्यवस्थित लागतं. हँडब्रेक जवळजवळ उभा होईपर्यंत ओढावा लागतो. इथवर मी चालवून घेत होतो पण आता डावं मागचं चाक जरा ब्रेक लावला की एकदम पकडतंय, आणि त्या टायरच्या आतल्या बाजूला ओलसर काळपट डाग दिसतोय. ब्रेक ऑइलची लेव्हल पण मिनिममच्या खाली गेलीय.

गॅरेजवाला म्हणतो लायनर (ड्रमला आतून घासणारं अस्तर) धुऊन घासून देतो, डाव्या सिलिंडरला किट (आतली नवी रबरं) टाकतो, झालं काम. मला हे पटत नाहीये. एकच बाजू करून चालतं का? लायनर धुऊन परत वापरता येतो का? आणि घरी करण्यासारखं काम आहे का हे, कारण ड्रमचा स्क्रू काढून बघितला पण ड्रम जागचा हलायला तयार नाही.

पानाबहाद्दर:
सगळ्यात आधी गाडी उभी करा दादा, ऑइल गळतंय म्हटल्यावर चालवायची नाही.

तुमच्याकडे दोन भानगडी आहेत आणि त्या वेगवेगळ्या आहेत. दुसऱ्यांदा दाबल्यावर पेडल वर येऊन कडक राहतं म्हणजे लायनर आणि ड्रममधली फट वाढलीय, एकतर लायनर झिजलेत नाहीतर ॲडजस्टर (ही फट कमी करणारा आट्यांचा भाग) जाम आहे. हँडब्रेक वर येतोय तोही बहुतेक त्याचमुळे. (पेडल स्पंजसारखं लागलं तर पाइपात एअर, आणि पाय दाबून धरल्यावर हळूहळू खाली बसत गेलं तर पेडलजवळचा मास्टर सिलिंडर बघायचा किंवा कुठेतरी गळती.) दुसरी भानगड ओल, ती व्हील सिलिंडरची, म्हणजे ऑइलच्या दाबाने ड्रममधले शू बाहेर ढकलतो तो. ते ऑइल लायनरवर गेलंय म्हणून चाक पकडतंय. ड्रम फिरताना त्यातल्या पुढच्या बाजूच्या शूला (लायनर बसवलेली कमानीसारखी पट्टी) स्वतःच आत ओढून घेतो, त्यामुळे लायनर जरा चिकट झाला की त्याचा परिणाम नुसत्या दाबापेक्षा कितीतरी जास्त होतो, आणि जास्त भिजला तर उलट ते चाक धरतच नाही.

लायनर धुऊन चालत नाही. ऑइल आत मुरलेलं असतं, वरून कोरडा दिसला तरी ब्रेक तापले की परत वर येतं. नवीन टाका, आणि दोन्ही चाकांचे टाका. एका बाजूला नवा आणि दुसरीकडे जुना ठेवला तर जोरात ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढणार.

आणि प्लीज, हँडब्रेकची केबल आवळून मोकळे होऊ नका. केबल ताणून ठेवली की आतला लिव्हर पूर्ण मागे येत नाही आणि बऱ्याच गाड्यांत मग ऑटो ॲडजस्टर कामच करत नाही. आधी शू सेट करायचे, केबल सगळ्यात शेवटी.

जुनंतेसोनं:
ड्रम न निघण्याबद्दल. हँडब्रेक पूर्ण सोडलाय ना? पुढच्या चाकांना दोन्हीकडून उटी लावा आणि गाडी स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकच्या भरवशावर नाही.

ड्रम दोन ठिकाणी अडकतो. एक म्हणजे मध्ये हबपाशी गंज धरतो, तिथे गंज सोडवायचं ऑइल मारून थोडा वेळ ठेवायचं आणि मग चाकाच्या बोल्टांच्या मधल्या भागावर हातोडीने चौफेर ठोकायचं, कडेवर नाही, बीड (ओतीव लोखंड) आहे ती, टवका उडतो. दुसरं म्हणजे लायनर झिजत झिजत ड्रमच्या आतल्या कडेला धार तयार झालेली असते आणि शू त्या धारेच्या आत अडकतात, मग कितीही ओढा. अशा वेळी बॅक प्लेटला (ड्रमच्या मागची स्थिर पत्र्याची प्लेट) मागून एक रबरी बूच असतं ते काढून पेचकसने ॲडजस्टर मागे फिरवायचा, म्हणजे शू आत येतात. बऱ्याच ड्रमना दोन आट्यांची भोकं असतात, त्यात बोल्ट टाकून आळीपाळीने थोडे थोडे आवळले की ड्रम बाहेर ढकलला जातो. बहुतेक वेळा ८ एमएमचे बोल्ट बसतात.

काही गाड्यांत मात्र ड्रम आणि हब एकच पीस असतो, मध्ये टोपीखाली मोठं नट आणि बेअरिंग. तुमच्यात स्क्रू होता म्हणजे तसं नसावं.

ग्रीसवालीताई:
घरी करता येतं, फक्त घाई नको. एका वेळी एकच बाजू उघडा म्हणजे दुसरी बघायला तशीच राहते, आणि सुटं करण्याआधी चारी बाजूंनी फोटो काढून ठेवा. कोणती स्प्रिंग कोणत्या भोकात हे नंतर अजिबात आठवत नाही.

आतली धूळ हवा मारून उडवू नका, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ब्रेक क्लीनरने ओली करून फडक्याने पुसा, मास्क लावून.

शू दाबून धरणारी जी छोटी स्प्रिंग असते तिची टोपी पकडीने दाबून पाव फेरी फिरवायची की सुटते, मागून पिनचं डोकं बोटाने धरून ठेवा नाहीतर सगळंच फिरत राहतं. ॲडजस्टर डावा-उजवा अदलाबदल करू नका, आटे उलटे असतात, चुकला तर घट्ट व्हायच्या ऐवजी सैल होत जातो. त्याच्या आट्यांना थोडं ग्रीस, आणि बॅक प्लेटवर शू जिथे घासतो त्या उंचवट्यांना अगदी पुसट बोट, बस. तापमान सहन करणारं ग्रीस हवं. शूच्या मागच्या बाजूचा हँडब्रेक लिव्हर जुन्या शूवरून काढून नव्यावर चढवावा लागतो, त्याची क्लिप उडते, डोळे सांभाळा. स्प्रिंगा सेटमध्ये मिळत असतील तर त्याही नव्या घ्या, तापून तापून मऊ पडलेल्या असतात.

ड्रम उघडा असताना पेडल दाबायचं नाही आणि कुणाला दाबूही द्यायचं नाही. सिलिंडरमधले पिस्टन बाहेर येतात.

पानाबहाद्दर:
किटबद्दल लिहायचं राहिलं. सिलिंडरची आतली भिंत आरशासारखी असेल तर किट चालतं, पण जुन्या गाडीत आत गंजाचे बारीक खड्डे असतातच आणि मग नवं रबरही थोड्याच दिवसांत गळतं. माझं मत पूर्ण सिलिंडर बदला. पाइपचं नट साध्या पान्याने गोल होतं, ब्रेक पाइपचा खास पाना येतो तो घ्या.

जुनंतेसोनं:
किटला एवढं पण नावं ठेवू नका हो, भिंत चांगली असेल तर वर्षानुवर्षं चालतं. पण खड्डा नखाला लागला की विषय संपला, हे मान्य.

संथचालक:
सगळ्यांचे आभार, बोल्ट टाकल्यावर ड्रम निघाला. डाव्या सिलिंडरचं रबरी बूट उचललं तर आतून ऑइलच ओघळलं आणि भिंतीला खड्डे आहेत, त्यामुळे दोन्ही सिलिंडर नवीन घेतोय. उजवीकडे ओल नाही पण ॲडजस्टर गंजून दगड झालाय. ड्रमवर मॅक्स डाया (आतला जास्तीत जास्त व्यास) १८१ एमएम लिहिलंय, मोजला तर दोन्ही १८०.४ भरले. लेथवर टर्निंग करून, म्हणजे आतून कातून घेऊ का?

पानाबहाद्दर:
खोल चरे किंवा लंबगोल झाला नसेल तर कशाला? १८१ ही शेवटची हद्द आहे, तिथवर झिजण्याची जागा पण शिल्लक राहायला हवी. कडेची धार तेवढी काढून घ्या आणि आतून सँडपेपर मारून चकाकी घालवा. करायचंच झालं तर दोन्ही ड्रम सारखे करा.

ग्रीसवालीताई:
ऑइल सीलबंद बाटलीतलंच घ्या, उघडं राहिलेलं हवेतला ओलावा ओढून घेतं आणि मग तापल्यावर उकळतं. डॉट ३ की डॉट ४ (ब्रेक ऑइलचा प्रकार) ते गाडीतल्या ब्रेक ऑइलच्या डबीच्या झाकणावर असतं. पाइपातली एअर काढताना डबीवर लक्ष ठेवा, रिकामी झाली की पहिल्यापासून सगळं परत. कोणतं चाक आधी ते मॅन्युअलमध्ये बघा, तिरक्या सर्किटच्या गाड्यांत (एका बाजूचं पुढचं आणि दुसऱ्या बाजूचं मागचं चाक एका लाइनवर) क्रम वेगळा असतो. रबराला पेट्रोल, डिझेल, इंजिन ऑइल लागू देऊ नका, फुगतं.

मग ड्रम बसवून चाक हाताने फिरवत ॲडजस्टर चढवा, हलकासा घासल्याचा आवाज यायला लागला की थांबा. पेडल काही वेळा दाबून शू मध्यावर येऊ द्या, परत फिरवून बघा, आणि मगच केबल. सुरुवातीला हलक्या हाताने ब्रेक मारा, लायनर ड्रमवर बसेपर्यंत ब्रेक थोडे कमीच वाटतील. एक चाक जास्त तापत असेल तर त्या बाजूची केबल अडकतेय का बघा.