बिग बेअरचं तिसरं पिल्लू
एकाने विचारलंय की कॅलिफोर्नियातल्या बिग बेअरच्या बाल्ड ईगलच्या (पांढऱ्या डोक्याच्या अमेरिकी गरुडाच्या) घरट्यातलं तिसरं पिल्लू मार्च २०२५च्या हिमवादळात गेलं, घरटं थेट दाखवणारा कॅमेरा तर चालू होता, मग कुणी वर का चढलं नाही? एक तर घरटं जेफ्री पाइनच्या झाडावर, जवळजवळ १४५ फुटांवर. माणूस जवळ आला की जॅकी नि शॅडो, म्हणजे पिल्लांचे आईबाप, उडणार, आणि तेवढ्यात उरलेली दोन पिल्लंही गारठणार. शिवाय बाल्ड ईगलला घरट्यात विनापरवाना त्रास देणं १९४०च्या अमेरिकी कायद्याने गुन्हा आहे.

मला स्वतःला २०२४चा हंगाम जास्त जड गेला. तिन्ही अंडी फुटलीच नाहीत, तरी नेहमीचे पाच-सहा आठवडे उलटून गेल्यावरही दोघं आलटून पालटून उबवत होती. (शॅडो कधीकधी आणलेली काटकी थेट जॅकीच्या पाठीवरच ठेवतो, ते बघाच!)

नव्या मंडळींसाठी: हिवाळ्यात आपल्याकडे रात्रीचे साडेआठ म्हणजे तिकडे सकाळचे सात, त्यामुळे जेवताना आरामात कॅमेरा बघता येतो. वाचलेली दोन पिल्लं, सनी आणि गिझ्मो, जून २०२५मध्ये उडाली. डोकं पांढरं व्हायला चार-पाच वर्षं लागतात, तेव्हा तपकिरी पक्षी दिसला तर लगेच दुसरी जात समजू नका.