मदत हवी आहे : विद्यार्थी परिषदेचं अध्यक्षपद कसं निभावावं?

नमस्कार ताई-दादांनो. मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका कॉलेजात टी.वाय.ला आहे. यंदा विद्यार्थी परिषदेची अध्यक्ष झाले आहे. ज्यांनी कॉलेजात किंवा विद्यापीठ पातळीवर हे पद सांभाळलंय, त्यांचा अनुभव हवा आहे.

सगळ्यात निकडीचा प्रश्न गाडीचा. प्रॅक्टिकल संपेपर्यंत लांजा-राजापूरकडच्या आतल्या वाड्यांवर जाणारी शेवटची गाडी निघून जाते. मग मुली प्रॅक्टिकल अर्धवट सोडतात नाहीतर हायवेवरून अंधारात चालत घरी जातात. पावसाळ्यात हे फारच धोक्याचं होतं. यासाठी आगार व्यवस्थापकांना परिषदेचं पत्र पुरतं, की प्राचार्यांच्या सहीनेच जावं लागतं? सोबत गाववार मुलींची यादी जोडली तर फरक पडतो का? की आधी कॉलेजलाच प्रॅक्टिकलची वेळ बदलायला सांगावं? मला तरी हे दुसरं सोपं वाटतं.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मधलं कलम ९९ वाचलंय. परिषदेची रचना कळली, पण रोजचं काम त्यातून कळत नाही. बैठकीचं इतिवृत्त कसं लिहायचं, याचा एखादा नमुना कुणाकडे आहे का?

आणखी एक. बाहेरच्या राजकीय संघटनांची मंडळी भेटायला येतात, गावातलीच, ओळखीची. त्यांना न दुखावता परिषद त्यांच्यापासून लांब कशी ठेवायची?

शिमग्याला सगळे गावी पांगतील, त्याआधी पत्र द्यायचं आहे.