मदत हवी आहे: ‘तारीख राखून ठेवा’ कार्डावरची जोडाक्षरं छापताना फुटतात

लग्न डिसेंबरात, नाशिकला. पुण्या-मुंबईची आणि नागपूरची मंडळी रेल्वेने येणार. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, म्हणून कार्ड त्याच्या आत हातात पडायला हवं. पोस्टकार्डाएवढं, एका बाजूला छपाई, ३०० जीएसएमचा (जाडसर) मॅट कागद, साधारण ७० प्रती. एवढ्यासाठी ऑफसेट (प्लेट बनवून होणारी छपाई) परवडत नाही, डिजिटलच करायचंय.

मजकूर मोजका: दोघांची नावं, तारीख, ‘नाशिक’, ‘पत्रिका मागाहून’. गणपती, मुहूर्त, निमंत्रकांची नावं मुद्दाम नाहीत. पहिली पत्रिका गणपतीपुढे ठेवल्याशिवाय वाटायची नाही, असं आजीने बजावलंय, त्यामुळे हे पत्रिकेसारखं दिसताच कामा नये. (व्हॉट्सॅपवर पाठवा म्हणू नका, तिथे जाणारच आहे. छापील फक्त ज्येष्ठांसाठी.)

डिझाइन कॅनव्हा या ऑनलाइन साधनात, युनिकोड फॉन्टमध्ये केलंय. रविवार कारंजाजवळच्या छापखान्यात पीडीएफ दिली, तर त्यांच्या कोरलड्रॉमध्ये (डिझाइनचं सॉफ्टवेअर) रफार भलत्याच अक्षरावर आणि पहिली वेलांटी सुटी पडते. पीएनजी दिली तर बारीक अक्षरांच्या कडा पुसट येतात. श्रीलिपीत (छापखान्यांतलं मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर) पुन्हा टाइप करून देतो म्हणाले, पण मग मला आवडलेलं वळण जातं.

इंकस्केप या मोफत डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये पीडीएफ उघडून अक्षरांचे आकार (कर्व्ह) करून दिले तर जोडाक्षरं शाबूत राहतात का? की नाशिकमध्ये युनिकोड मराठी पीडीएफ आहे तशी थेट छापणारं, कमी प्रती घेणारं कुणी आहे?