‘मार्गदर्शनाखाली’ला दुसरा शब्द सुचवा

धानपट्टी: आमच्या गडचिरोलीकडच्या एका मंडळासाठी छोटी पुस्तिका मराठीत करतोय. विषय आहे अमेरिकेतल्या सिएटल शहरातलं ‘डेब्रेक स्टार’ हे आदिवासींचं सांस्कृतिक केंद्र. फोर्ट लॉटन नावाची लष्करी छावणी सरकार सोडणार होतं. मार्च १९७० मध्ये बर्नी व्हाइटबेअर आणि त्याच्यासोबतच्या आदिवासींनी कुंपण ओलांडून त्या जमिनीवर हक्क सांगितला. अटका झाल्या, वाटाघाटी झाल्या, जमीन मिळाली आणि १९७७ ला इमारत उघडली. आराखड्यात बर्नीचा भाऊ लॉनी रेयेस होता, तो स्वतः शिल्पकार. आता मूळ मजकुराचा आशय असा, की केंद्राला दिशा देणारे आदिवासी नेते आणि कलावंतच आहेत. मी लिहिलं, ‘आदिवासी नेते व कलावंतांच्या मार्गदर्शनाखाली’. वाचायला दिलं तर एक काका म्हणाले, “म्हंजे थे येते, भाषण देते अन् जाते, असंच न?” आता काय लिहू?

रिकामटेकडा_आरमोरी: काका बरोबर बोलले. आपल्याकडं मार्गदर्शक म्हणजे पत्रिकेवर तिसऱ्या ओळीतलं नाव. शाल, नारळ, पाऊण तास माइक, जेवण झालं की गाडी चालू. ‘चालवतात’ लिहा अन् मोकळे व्हा.

शब्दनिष्ठ: ‘चालवतात’ अगदीच तोकडं आहे. पानटपरीही चालवतात. मराठीत यासाठी सुरेख शब्द आहे: ‘केंद्राची धुरा आदिवासी नेते व कलावंतांच्या हाती आहे.’

वणीकर: धुरा? बाप्पा! आमच्याकडं धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध. ‘केंद्राची धुरा नेत्यांच्या हाती’ वाचलं की माझा बाप पहिले विचारीन, मोजणी आणली का? आमच्या आजोबाची उमर धुऱ्याच्या केसमध्ये गेली. त्या धुऱ्यावर बाभळीचं एक झाड होतं, तारीख त्याच्यावर पडे. आजोबाही गेले, झाडही गेलं, केस आहेच.

शब्दनिष्ठ: तो स्थानिक अर्थ झाला. मूळ संस्कृत ‘धुर्’, म्हणजे जू. प्रमाण मराठीत ‘धुरा वाहणे’ म्हणजे जबाबदारी घेणे. एका जिल्ह्यातल्या वापरासाठी भाषेनं आपला शब्द सोडायचा का?

वणीकर: एका जिल्ह्यातल्या? अकोल्यापासून चंद्रपूरपर्यंत कोण्याही शेतकऱ्याला विचारा. अन् पुस्तिका वाचणार कोण, तुम्ही का आम्ही?

पोडावरचा_मास्तर: मी बरीच वर्षं केळापूर-झरीकडच्या कोलाम पोडांवर, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्त्यांवर, शिकवलं. पोडावर नाईक असतो, महाजन असतो, कारभारी असतो, घट्या असतो. चावडीत बसून ठरवतात ते हेच. त्यामुळं ‘कारभार’ हा शब्द तिथं परका नाही. ‘केंद्राचा कारभार आदिवासी नेते आणि कलावंत पाहतात’ असं लिहून बघा. भाषण ठोकून निघून जाणारा माणूस त्यात बसत नाही.

सातारची_सून: सर, आमच्या माहेरी कारभारी म्हणजे नवरा! 😄 आणि ‘कारभार’ फारसी ना? ‘कार’ म्हणजे काम.

शब्दनिष्ठ: फारसी कसं? कार्य अधिक भार. सरळ संस्कृत आहे.

सातारची_सून: मग ‘कारकून’पण कार्य करून थकलेला का?

रिकामटेकडा_आरमोरी: 🙏 ताई.

वैनगंगाकाठ: तुम्ही ‘मार्गदर्शन’वर अडलात, मला ‘नेते’ खटकतं. गावात नेता म्हटलं की लोक हसतात. “लय नेता झाला बे तू!” सिएटलचा तो बर्नी तसा नेता नव्हता. आणि नुसतं ‘कलावंतांचं केंद्र’ म्हटल्यानंही भागत नाही. भोपाळच्या भारत भवन या कलाकेंद्रात १९८० नंतरच्या काळात चित्रकार जनगढ सिंग श्याम आले, परधान गोंड घरचे. त्यांची चित्रं जगभर गेली. पण त्यांना तिथं आणणारे, काय मांडायचं ते ठरवणारे चित्रकार जे. स्वामीनाथन, ते आदिवासी नव्हेत. स्वामीनाथन यांचं मोल मी कमी करत नाही. पण कलावंत भिंत रंगवतो की कोणती भिंत ते ठरवतो, हा फरक धानपट्टीभाऊंच्या वाक्यात आलाच पाहिजे. नागपूर तर गोंड राजा बख्त बुलंद शाहानं वसवलेलं. तिथल्या किती कार्यक्रमांत ‘आदिवासी नृत्य’ पाहुणे यायच्या आधी टाइमपास म्हणून ठेवतात, ते मोजा एकदा.

धानपट्टी: हेच म्हणायचं होतं मला. आमच्या तालुक्याच्या गावी समाजभवन आहे. बाहेर बिरसा मुंडांचा फोटो, आत चाळीस खुर्च्या. किल्ली मात्र एका बाबूच्या खिशात. ९ ऑगस्टला, आदिवासी दिनी, पोरी रेलाच्या साड्या नेसून दोन तास पायऱ्यांवर बसल्या, कारण बाबू तेरवीला गेले होते. मग ‘किल्ली ज्यांच्या हाती’ लिहू का?

पोडावरचा_मास्तर: लिहा! पहिलं कामाचं वाक्य आलं या धाग्यात.

शब्दनिष्ठ: बोलीभाषेतल्या पुस्तिकेत चालेल. छापील मजकुरात ‘किल्ली’ बालिश दिसेल. ‘नियमन’ पाहा.

वणीकर: नियमन वाचून काका परत विचारतीन, बाजार समिती आहे का?

जंगोबाई: इतकं लिहिता, पण ‘गोटूल’, म्हणजे गावातल्या तरुण पोरापोरींनी जमायचं, शिकायचं घर, कोणीच म्हणत नाही? धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखानं गोटूल परत बांधायचं ठरवलं, जंगलातला साग आणला. वनखात्यानं ते पाडलं, तर आजूबाजूच्या गावांनीही आपापलं गोटूल उभारायला घेतलं. जागा कोणाची, बांधणार कोण, आत काय शिकवणार, सगळं गावानं ठरवलं. सिएटलवाल्यांनी तेच शहरात केलं. ‘शहरातलं गोटूल’ लिहा, बाकी वाक्याची गरजच नाही. माझे आजोबा सांगत, ‘गो’ म्हणजे विद्या, ‘टूल’ म्हणजे ठिकाण.

वैनगंगाकाठ: कल्पना आवडली. पण ती व्युत्पत्ती मागाहून बसवलेली वाटते. शिवाय सिएटलच्या केंद्रात कितीतरी वेगवेगळ्या जमातींचे लोक. गोटूल गोंड-माडियांचं. आमच्या कोरकू मित्राला विचारा, तो म्हणेल आमचं कुठं आहे यात?

जंगोबाई: मागाहून बसवली म्हणता, तर आधीची सांगा मग.

शब्दनिष्ठ: शब्द ‘घोटुल’ असा आहे, ह्रस्व टु. इंग्रजी पुस्तकांत तसंच आहे.

जंगोबाई: इंग्रजी पुस्तक लिहिणाऱ्यांना ‘ग’ ऐकू आला नाही, त्याला आम्ही काय करावं जी?

रिकामटेकडा_आरमोरी: वडसा-आरमोरीकडं मी दोन्ही ऐकलं. घ म्हणणारे बहुतेक मास्तर असतात.

पोडावरचा_मास्तर: आक्षेप!

सातारची_सून: मला एक सांगा, वर ‘रेलाच्या साड्या’ लिहिलंय. रेला तो की ती? पुस्तिकेत ‘रेला सादर केला’ येणार की ‘केली’?

वणीकर: ती. रेला नाच असला तरी गाणं ऐकलं की ती वाटते.

जंगोबाई: तो.