फिश ऑइल कोणतं घेऊ आणि किती? (आईसाठी, लवकर सांगा)

महालचा_बंड्या
आईला शुगर आहे. रात्री तळपायांची आग होते, मुंग्या येतात, झोप नाही. परवा गल्लीत एका पायातली चप्पल निसटली, तिला घरी येईपर्यंत पत्ता नाही! डॉक्टरांनी गोळी दिली, तिनं दिवसभर गुंगी असते. ऑफिसातला एक जण म्हणतो फिश ऑइलनं नसा सुधारतात. कंपनी सांगा, डोस सांगा, सीताबर्डीत कुठं मिळेल ते सांगा. ‘डॉक्टरांना विचारा’ लिहू नका.

धरमपेठी_काकू
वय? एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर)? गोळी कोणती? काहीच न लिहिता कंपनी हवी!

महालचा_बंड्या
६४. ८.६. प्रीगाबालिन. आता सांगा.

काटोलचा_भाऊ
काहून पैसे घालवता राजेहो. जवसाची चटणी द्या, लसूण घालून. ओमेगा ३ भरपूर. आमच्या बाबाले तेच देतो, पाय ठणठणीत हायेत.

निवृत्त_औषधवाला
भाऊ, बाबांना शुगर आहे का?

काटोलचा_भाऊ
नाही. पण पाय मजबूत हायेत ना!

निवृत्त_औषधवाला
जवसातलं ओमेगा ३ वेगळं, शरीर त्याचं ईपीए-डीएचए, म्हणजे मासळीतलं ओमेगा ३, फारच थोडं बनवतं. बंड्या, डबीवर पुढं १००० मिग्रॅ असतं. मागं वाच, बऱ्याचदा ईपीए १८० आणि डीएचए १२० निघतं, उरलेलं नुसतं तेल. कॉड लिव्हर ऑइल वेगळी चीज आहे, त्यातलं अ जीवनसत्त्व जास्त झालं तर अंगाशी येतं. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का तेही सांग.

वाचत_बसलेली
२०१७ मध्ये कॅनडातला एक छोटा प्रयोग छापून आला होता. टाइप १ मधुमेहाचे ४० रुग्ण, वर्षभर सील या समुद्री प्राण्याचं तेल. डोळ्याच्या पारदर्शक पडद्यातल्या बारीक नसांची लांबी २९ टक्के वाढली, पण पायांच्या संवेदनेत फरक नाही. तुलनेला दुसरा गटही नव्हता. आग थांबेल या आशेवर डबी घेऊ नका.

खवय्या_४४००
डबी कशाला? बांगडा, तारली खाऊ घाला. बर्फातली येते आपल्याकडं. रोहू-कतल्यात तेवढं नसतं. फक्त सावजी करू नका, तर्रीचं तेलच जास्त!

काटोलचा_भाऊ
सावजीले नाव नका ठेवू.

महालचा_बंड्या
अहो, आई माळकरी आहे! मासे कुठून खाणार? कॅप्सूल औषध म्हणून देणार होतो, आत काय ते सांगणार नव्हतो. रक्त पातळ करायचं काही नाही.

धरमपेठी_काकू
हे आत्ता सांगता? माळ घातलेल्या बाईला फसवून मासळीचं तेल? वरचं जिलेटिनही प्राण्याचंच असतं. द्यायचंच तर शेवाळाचं डीएचए मिळतं, वेष्टन शाकाहारी आहे ना बघा, आणि तिला सांगून द्या.

निवृत्त_औषधवाला
थांबा. शुगरची मेटफॉर्मिन आहे का? ॲसिडिटीची गोळी? बी१२ कधी तपासलं?

महालचा_बंड्या
मेटफॉर्मिन बरीच वर्षं. पॅन्टोप्राझोल रोज सकाळी. बी१२ नाही केलं. विचारलं काय, चाललंय काय!

निवृत्त_औषधवाला
तेच चाललंय. मेटफॉर्मिन आणि पॅन्टोप्राझोल वर्षानुवर्षं घेतलं की बी१२ उतरू शकतं, शाकाहारात ते आधीच कमी. उतरलं की अशीच आग, अशाच मुंग्या. शुगरनंही होतं, दोन्ही एकत्रही असतं. रक्त देण्याआधी बी-कॉम्प्लेक्स चालू करू नकोस, आकडा फुगलेला दिसेल. गुंगीचं डॉक्टरांना सांग, डोस बदलता येतो, ड्युलोक्सेटिनसारखा पर्यायही आहे. गोळी मनानं एकदम बंद करायची नाही.

धरमपेठी_काकू
मला आगीपेक्षा त्या चपलेची काळजी वाटते. चप्पल गेलेली कळत नाही म्हणजे खडा रुतला तरी कळणार नाही. मे महिन्यात देवळाच्या फरशीवर अनवाणी गेल्या तर फोड येईल आणि पत्ता लागणार नाही. मोजे घालू द्या, गरम पाण्याची पिशवी पायाला नको, रोज रात्री तळवे तुम्ही स्वतः बघा. नायलॉनचा धागा टेकवून संवेदना तपासतात, तेही करून घ्या.

महालचा_बंड्या
बरं. उद्या रक्त देतो. ८.६ चं काय करू? संध्याकाळचा साबुदाणा सोडत नाही ती.

खवय्या_४४००
मग तेल मासळीचं असो की शेवाळाचं, काय उपयोग? आधी साबुदाणा!

मानेवाडा_एक्सप्रेस
आमच्याकडं पण शुगर आहे. कारल्याचा रस उपाशीपोटी चालतो का?

धरमपेठी_काकू
वेगळा धागा काढा. आणि वय, गोळ्या आधीच लिहा.