पस्तीस वर्षांचा हात बदलताना: उलट ओळीत टाके का पिळले जातात?

प्रश्न (लष्कर, ग्वाल्हेर)

नमस्कार. मी गेली पस्तीस वर्षे विणते आहे. लोकर उजव्या हातात धरून प्रत्येक टाक्याला सुईवर वळसा देण्याची, आईने शिकवलेली पद्धत इतकी अंगवळणी पडली आहे की बातम्या ऐकता ऐकता बाही पूर्ण होते. ग्वाल्हेरची थंडी कशी असते ते इथल्यांना सांगायला नको. घरातल्या कुणालाही मी अजून विकतचा स्वेटर घालू दिलेला नाही.

गेल्या हिवाळ्यापासून मात्र उजवे मनगट दुखू लागले, म्हणून जर्मनीत राहून आलेल्या सुनेकडून लोकर डाव्या तर्जनीवरून घेण्याची पद्धत शिकायला घेतली. तिच्या सुईचे टोक लोकर नुसती टिपून घेते, हात जागचा हलत नाही. सुलट टाका, म्हणजे विणीच्या पुढच्या बाजूचा साधा टाका, मला आठवड्याभरात जमला. अडते ते वीण फिरवल्यावर मागच्या बाजूने घालायच्या उलट टाक्यापाशी. तिने दाखवल्याप्रमाणे वरून वळसा घेताना लोकर बोटावरून निसटते आणि टाके सैल पडतात, म्हणून मी सुईचे टोक लोकरीवरून नेऊन तिला खालून ओढून घेऊ लागले. ते सोपे गेले खरे, परंतु आठ नंबरच्या सुयांवर चाळीस टाक्यांचा जो तुकडा विणला, त्यात एकाआड एक ओळ आवळलेली दिसते आणि त्या ओळीतल्या टाक्यांच्या मुळाशी बारीक फुली पडते. दोनदा उसवून पाहिले, तरी तेच. या वयात नवशिक्यासारखे उसवत बसण्याची लाज वाटते. शिवाय नातवाचा अर्धा झालेला स्वेटर टोपलीत आहे. तो नव्या हाताने पुढे न्यावा का?

उत्तर १ (इंदूर)

ताई, फुली पडते असे लिहिलेत, त्यावरूनच दुखणे कळले. टाका सुईवर बसतो तेव्हा त्याचा एक धागा सुईच्या पुढे असतो आणि एक मागे. आपल्या नेहमीच्या विणकामात पुढचा धागा सुईच्या टोकाकडे असतो, त्यामुळे आपण न पाहता त्यात सुई घालतो. तुम्ही उलट ओळीत लोकर खालून ओढता तेव्हा टाका उलटा बसतो, म्हणजे टोकाकडे मागचा धागा येतो. पुढच्या सुलट ओळीत तुमचा पस्तीस वर्षांचा हात सवयीने पुढच्याच धाग्यात शिरतो आणि टाका पिळला जातो. सुलट विणताना सुई मागच्या धाग्यात घालून पाहा. फुली नाहीशी होईल.

गंमत अशी की तुम्ही चुकून जे केलेत ती स्वतंत्र, मान्य पद्धत आहे. तिला कॉम्बिनेशन निटिंग म्हणतात. खालून ओढलेल्या टाक्याला लोकर किंचित कमी लागते, म्हणून उलट ओळी सैल पडण्याची जी तक्रार डाव्या हाताने विणणाऱ्या पुष्कळांची असते, तीही तिने कमी होते. दोन ठिकाणी मात्र जपावे लागेल. गळ्याला किंवा मुंढ्याला टाके कमी करताना उलट्या बसलेल्या दोन टाक्यांचा मागच्या धाग्यांतून एक केला, तर तो डावीकडे झुकतो. उजवीकडे झुकायला हवा असेल तेव्हा दोन्ही टाके आधी सुईवर सरळ करून घ्यावेत. दुसरे म्हणजे गोल सुईवर, जिथे वीण न फिरवता गोल गोल विणतात, सगळे सुलटच विणत असाल तर टाके सरळच बसलेले असतात, तिथे मागच्या धाग्यात सुई घातली की पुन्हा फुली.

उत्तर २ (बडोदा)

आमच्या बडोद्यात स्वेटर अंगावर किती दिवस राहणार, हे विचारू नका. विणण्याची हौस मात्र भरपूर आहे. अर्ध्या स्वेटरला नवा हात अजिबात लावू नये. नातवाच्या छातीचा घेर 70 सेंमी धरला आणि जुन्या हाताने 10 सेंमीत 22 टाके बसत असले, तर 154 टाके लागतात. नव्या हाताने त्याच 10 सेंमीत 20 टाके बसले, तर तेवढ्याच टाक्यांचा घेर 77 सेंमी होईल, आणि एकाच स्वेटरात खालचा भाग एका मापाचा व वरचा दुसऱ्या मापाचा असे ध्यान तयार होईल. आधी तुकडा विणून, धुऊन, वाळवून मग मोजा. न धुता मोजल्यामुळे मी एकदा फसले आहे. सुनेच्या पद्धतीचाच उलट टाका हवा असेल, तर लोकरीचा एक वेढा करंगळीला द्यावा, म्हणजे ती निसटत नाही, आणि उलट ओळीसाठी एक सुई नऊ नंबरची घ्यावी. आपल्याकडच्या सुयांचा नंबर वाढला की सुई बारीक होते; आठ नंबर 4 मिमी, तर नऊ नंबर 3.75 मिमी.

उत्तर ३ (मुरार, ग्वाल्हेर)

जुना हात मोडू नका, एवढेच माझे मागणे. स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांपैकी फेअर आयल या बेटावरून ज्याला नाव मिळाले, त्या दोन रंगांच्या विणकामात एक रंग उजव्या हातात आणि दुसरा डाव्या हातात धरला, तर गुंडे एकमेकांत अडकत नाहीत. नक्षीचा रंग डाव्या हातात ठेवावा. तो मागून खालच्या अंगाने जातो, म्हणून पुढे जास्त उठून दिसतो. मनगटाचे म्हणाल, तर डावा हातही पहिल्या महिन्यात दुखतो, कारण आपण लोकर गरजेपेक्षा घट्ट धरतो. मी अर्ध्या तासाने सुया खाली ठेवत असे.

प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. मागच्या धाग्यात सुई घालून वीस ओळी विणल्या, एकही फुली नाही. तुकडा धुऊन मोजला तेव्हा नव्या हाताचे 10 सेंमीत 21 टाके भरले, जुन्याचे 23. म्हणून नातवाचा स्वेटर जुन्याच हाताने, रोज थोडा थोडा पुरा करीन. नव्या हातासाठी गोल सुईवर टोपी घेतली आहे. तिचा काठ आपोआप गुंडाळला जाणारा ठेवल्यामुळे तीत उलट टाकाच नाही. ‘इथे पुढच्या धाग्यात’ असे चिठ्ठीवर लिहून ती टोपलीत ठेवली आहे, कारण काल रात्री दोन ओळी सवयीने मागच्या धाग्यात गेल्याच.