रंगीत थरांचा केक घरी केलाय? काय झालं ते लिहा

रत्नागिरी

मे महिन्यात भाचीचा पाचवा वाढदिवस. तिला ‘इंद्रधनुष्याचा’ केक हवा होता आणि हो म्हणून बसले मी. सहा इंची दोनच भांडी, ओटीजीत (विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये) मावतातही दोनच, म्हणजे सहा थरांना तीन खेपा. मिश्रण वजनकाट्यावर २००-२०० ग्रॅम तोलून घेतलं म्हणून थर सारख्या जाडीचे झाले. यश तेवढंच. बाटलीतला पातळ रंग होता. लाल काही लाल होईना म्हणून ओतत गेले, तर मिश्रण सरबरीत झालं आणि थर निघाला गुलाबी. तिसरी खेप आत गेली आणि लाईट गेली. हिरवा नि निळा मधोमध असे बसले की खळग्यात होडी सोडावी.

रात्री पाहुण्यांना तासभर उशीर झाला, बटर आयसिंग लावलेला केक टेबलावरच. लोणी ३२-३५ अंशांना वितळतं, आणि मे महिन्यात आपलं स्वयंपाकघर त्याहून फार थंड नसतंच. वरचे तीन थर सावकाश डावीकडे निघाले. मेणबत्त्या विझवल्या तेव्हा भावोजी एका हाताने केक धरून उभे होते. फोटोत नुसता हात आलाय.

रेसिपी सांगणाऱ्यांच्या घरी एसी असतो. किनाऱ्यावरच्यांनी लिहा, तुमचं काय फसलं नि काय जमलं.

मालवण

अगो, लाईट गेली तर कुकर काढायचास! माझ्याकडे ओव्हन अजून नाही. जुन्या कुकरच्या तळाला जाडं मीठ, वर स्टँड, झाकणाची रिंग आणि शिट्टी काढून दहा मिनिटं तापवायचा, मग डबा आत. पातळ थराला वीसेक मिनिटं पुरतात, विणायची सुई कोरडी निघाली की झालं. आई धोंडस (काकडीचा गोड केक) करायची तेव्हा खाली चूल आणि टोपाच्या झाकणावर निखारे. तिला माझा केक दाखवला तर म्हणाली, “ह्यां धोंडासच गो, रंगपंचमी खेळान इलेलां.”

बाजारचे रंग नकोत म्हणून एकदा बीट घातलं. कच्चं मिश्रण बघत राहावं असं, आणि भाजून निघालं मातकट. हळदीची तर वेगळीच तऱ्हा. सोडा सढळ हाताने पडला होता, पिवळ्या थरात विटकरी डाग उठले. घरात सगळे हसले, पण यजमान म्हणाले, हळदीला चुना लागला की कुंकू होतं, मग सोड्याने दुसरं काय होणार? आता हळदीच्या थरात नुसती बेकिंग पावडर, तीही मोजून.

वेंगुर्ला

माझा अपराध लहान, पण खारट. आयसिंग गुलाबी व्हावं म्हणून फ्रिजातली कोकमाची बाटली ओतली. ती आगळाची, म्हणजे मीठ घातलेल्या कोकमरसाची होती. आठवड्यातून दोनदा सोलकढी करणाऱ्या बाईने हे करावं! पुढच्या खेपेला अमृत कोकम, म्हणजे गोड कोकम सरबत घेतलं, चमचा-चमचा घालत गेले, रंग सुरेख आला आणि चवीला किंचित आंबटपणा, तो तर आवडलाच सगळ्यांना. केकच्या मिश्रणात मात्र घालू नका. सोड्याशी गाठ पडली की त्या रंगाची कळाच जाते, काळपट दिसतो.

गुहागर

केक करणारी बायको, वाहणारा मी. मेहुणीकडे रत्नागिरीला पाच थरांचा न्यायचा होता. तवसाळपर्यंत गाडीत मांडीवर, मग फेरीबोटीने जयगड. बोट पाण्यावर लोण्यासारखी जाते, तिची भीती नाही. भीती उतरताना. गाडी रॅम्पवरून धक्क्यावर चढते तेव्हा एक दणका बसतो, त्या दणक्याला मागच्या वर्षी वरचे दोन थर खोक्याच्या भिंतीला टेकले होते. यंदा बायकोने बांबूची काडी तासून, धुऊन वरून तळाच्या पुठ्ठ्यापर्यंत ठोकली आणि खोकं आदल्या रात्रीपासून फ्रिजात. गार केक घट्ट असतो, निम्मं काम तिथेच होतं. काडी कापायच्या आधी काढा. आम्ही विसरलो, सुरी अडली.

श्रीवर्धन

जुलैत फॉन्डंटची (साखरेच्या मळलेल्या गोळ्याची) फुलं करू नका. फ्रिजमधून काढली की दमट हवेत घाम फुटतो, पाकळ्या चिकट होऊन माना टाकतात. साखर ओल ओढतेच. मी आता फुलं आयत्या वेळी लावते.

रत्नागिरी, पुन्हा मीच

सगळं वाचून गेल्या रविवारी परत केला. हिय्या चारच थरांचा. रंग जेलचे, टूथपिकच्या टोकाने घेतले तरी पुरले. आयसिंगमध्ये एक तृतीयांश लोण्याच्या जागी वनस्पती तूप. टाळूला जरा चिकटतं, पण संध्याकाळभर हललं नाही. थर पूर्ण गार केले, आधी आयसिंगचा पातळ हात फिरवून चुरा बसवला, अर्धा तास फ्रिज, मग आयसिंगचा जाड थर. लाईट या वेळीही गेली, कुकर तयार होता. बांबूची काडी लक्षात ठेवून काढली.

भाचीने कापलेला तुकडा आडवा करून थर मोजले, पुन्हा मोजले आणि विचारलं, “मावशी, जांभळा कोणी खाल्ला?”